रोजच्या चित्राला एक प्रश्न विचार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सगळी चित्रं मोठ्या स्क्रीनवर लावून सावकाश पाहिली. नोकरीवरून दमून आल्यावरही तू रोज टॅबलेट उघडून बसतोस याचं मला मनापासून कौतुक आहे. तू लिहिलंयस, "इतकं काढतोय, तरी हात पुढे सरकत नाही." त्याचं उत्तर दोन ओळींत देण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. इतकी वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा आज आई आणि बाई दोघी मिळून लिहितायत असं समज.

चित्रं एकाशेजारी एक ठेवली तेव्हा काही गोष्टी लगेच डोळ्यांत भरल्या. जवळजवळ सगळे चेहरे पाऊण बाजूचे आणि डावीकडे बघणारे. उजव्या हाताने काढणाऱ्याला ती बाजू सोपी जाते, म्हणून हात आपसूक तिकडे वळतो. पंजे एकतर खिशात, नाहीतर केसांमागे, नाहीतर चौकटीच्या बाहेर. सावली सगळीकडे एअरब्रशने मऊ केलेली आणि तिचा रंग म्हणजे अंगाच्या रंगात कालवलेला काळा. पापणीचा केस न् केस काढलाय, पण मान खांद्यात कुठे उतरते ते धुरकट. म्हणजे जे येतं तेच तू रोज काढतोस, आणि रोज नेटाने पूर्ण करतोस. त्या पूर्ण करण्यातच सगळा वेळ जातो. जे येत नाही त्याच्या वाट्याला काही उरत नाही.

अभ्यासाला बसशील तेव्हा चित्र पूर्ण करायचंच नाही असं ठरवून बस. एक प्रश्न घ्यायचा आणि त्या बैठकीत फक्त त्याचंच उत्तर शोधायचं. समज, आजचा प्रश्न सावलीच्या कडेचा. टेबलावर एक अंडं आणि एक काडेपेटी ठेव, एका बाजूला दिवा लाव. अंड्यावर उजेडातून सावलीत जाणारी कड हळूहळू विरते. काडेपेटीच्या कोपऱ्यावर तीच कड कापल्यासारखी तुटते. दोघांची टेबलावर पडलेली सावली वस्तूजवळ धारदार असते आणि लांब जाईल तशी सैल होत जाते. एवढ्या लहान जागेत तीन तऱ्हेच्या कडा सापडतात, आणि तू त्या तिन्हींना एकच एअरब्रश लावतोस. त्या संध्याकाळी रंग नको, पार्श्वभूमी नको, टेबलाचं लाकूड नको. कडा कळल्या की फाइल बंद करायची. ती कुणाला दाखवायचीही नाही.

डिजिटलमध्ये सोयी फार आहेत, म्हणून अभ्यासापुरत्या त्या मुद्दाम कमी कर. एक गोल, कडक कडेचा ब्रश, एकच लेअर म्हणजे चित्राचा एकच थर, लहान कॅनव्हास. झूम करायचं नाही, सगळं चित्र सतत डोळ्यांपुढे राहिलं पाहिजे. क्रिटा या तुझ्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डवरचं एम दाबलंस की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं दिसतं. ते मधूनमधून कर. डोळे वाकडे बसले असतील, जबडा घसरला असेल, तर क्षणात कळतं. वर काळ्याने भरलेला एक लेअर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड 'कलर' केलास की सगळे रंग जाऊन नुसता उजेड-अंधार उरतो. त्यात चेहरा ओळखू येत नसेल तर रंग कितीही सुंदर असोत, चित्र उभं राहत नाही. आम्ही हेच डोळे बारीक करून बघायचो, आणि तू दोन्ही करावंस असं मला वाटतं, कारण बसस्टॉपवर स्केच करताना हाताशी लेअर नसतो.

आयड्रॉपरबद्दल, म्हणजे स्क्रीनवरचा रंग जसाच्या तसा उचलणाऱ्या साधनाबद्दल, मात्र सविस्तर सांगते. कागदावर शिकलेल्या माझ्या पिढीला जे कधीच मिळालं नाही ते तुझ्याकडे आहे. तू फोटो बघून रंगवताना फोटोतलाच रंग उचलतोस. तसं केलं की रंग बरोबर येतो आणि डोळा काहीच शिकत नाही. उलट्या क्रमाने कर. आधी नुसतं बघून रंग ठरव, ठिपका लाव, आणि मग आयड्रॉपरने खरा रंग तपास. तुझा अंदाज किती चुकला आणि कुठल्या बाजूला, ते लिहून ठेव. सावलीतला पांढरा शर्ट आपल्याला पांढराच वाटतो. तपासलास तर तो बऱ्याचदा मधला राखाडी निघेल, बाहेर मोकळं आकाश असेल तर निळसर. डोळ्यांतलं पांढरं तर सहसा पांढरं नसतंच.

हा डोळ्याचा दोष नाही, त्याचं कामच तसं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले दृष्टीचे अभ्यासक एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९९५ मध्ये बुद्धिबळाच्या पटाचं एक चित्र केलं. त्यात उजेडातलं एक घर काळं दिसतं आणि सावलीतलं एक घर पांढरं, पण दोन्ही राखाडी हुबेहूब एकच आहेत. तू ते स्वतः आयड्रॉपरने तपासून बघ. वस्तू ओळखण्यासाठी मेंदू सावली वजा करतो, आणि रंगवणाऱ्याला ती वजाबाकी थांबवायला शिकावं लागतं. अंदाज, ठिपका, तपासणी, पुन्हा अंदाज, असं करत गेलास की काही महिन्यांत तुझ्या चुका एकाच दिशेच्या आहेत हे तुला कळेल. सावली तू बहुधा फार काळी आणि फार बेरंग करतोस. माझा अंदाज आहे, तू पडताळ.

त्वचेचं आणखी एक. तू बघतोस ते बहुतेक व्हिडिओ गोऱ्या कातडीवर शिकवतात. कपाळ पिवळट, गाल लालसर, दाढीची जागा निळसर. ते त्यांच्या जागी खरं आहे. पण आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्याचं गणित निराळं आहे. त्वचेच्या वरच्या थरावरून परततो तो उजेड गोऱ्या-काळ्या सगळ्यांना साधारण सारखाच असतो. आतून परत येणारा उजेड सावळ्या त्वचेत कमी. म्हणून गालाच्या हाडावरची, नाकाच्या शेंड्यावरची चमक तिथे जास्त उठून दिसते, आणि त्या चमकेत दिव्याचा किंवा आकाशाचा रंग स्पष्ट उतरतो. दुपारी सावलीत उभ्या असलेल्या सावळ्या माणसाच्या कपाळावर निळं आकाश दिसतं, खरंच बघ. गोऱ्या चेहऱ्याचा रंग घेऊन नुसता गडद केला की माणूस मातीचा दिसतो. एम. व्ही. धुरंधर कोल्हापूरचे, जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवत राहिले. रस्त्यावरची, बाजारातली आपली माणसं त्यांनी आयुष्यभर काढली. त्यांची चित्रं समोर घेऊन फक्त त्वचेच्या छटा उतरवून काढ.

आणि सावळाराम हळदणकरांची ती हातात दिवा घेतलेली मुलगी. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, 'ग्लो ऑफ होप' नावाने ओळखतात. पुष्कळ लोक ते चित्र रविवर्म्याचं समजतात. आहे ते सावंतवाडीच्या हळदणकरांचं, आणि तेही जलरंगात. समोर उभी राहिली होती त्यांचीच मुलगी गीता. ज्योतीआड धरलेल्या पंजाची बोटं बघ. उजेड बोटांतून आरपार येतो आणि कडा लालसर पेटतात. जलरंगात एकदा गडद झालेलं सहजासहजी उजळ करता येत नाही, म्हणजे ती लाली कुठे ठेवायची हे हात लावण्याआधीच ठरवावं लागलं असणार. तू अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर आपला डावा पंजा धर आणि उजव्याने रंगव. पंजे टाळायची सवयही मोडेल. काढताना एक लक्षात ठेव : बोटं पंजाच्या मागच्या बाजूने लांब दिसतात आणि तळव्याकडून आखूड, कारण मागे ती सांध्याच्या हाडापासून सुरू होतात आणि पुढे मधे तळव्याचं मांस येतं. तुझ्या दोन-तीन चित्रांत दिसतात त्या पंजांना दोन्ही बाजूंनी सारखीच बोटं आहेत.

दुसऱ्याचं चित्र बघून काढण्याची तुला लाज वाटते असं तू म्हणालास. कशाला? व्हॅन गॉग १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जियममधल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात चित्रकलेकडे वळला तेव्हा त्याने शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या अभ्यासमालेतले मानवाकृतींचे ६० तक्ते पुन्हा पुन्हा गिरवले. आणि १८९० च्या जूनमध्ये, म्हणजे त्याची आज जगाला माहीत असलेली बहुतेक चित्रं होऊन गेल्यावर, त्याने भावाकडे तेच तक्ते पुन्हा मागितले, कारण त्याला ते सगळे पुन्हा एकदा काढायचे होते. ही हकिकत मी दर वर्षी वर्गात सांगायचे. फक्त एक पथ्य पाळ. नक्कल केलेल्या फाइलच्या नावातच मूळ चित्रकाराचं नाव घाल, आणि ती आपलं काम म्हणून कुठे लावू नकोस.

पण नक्कल तिथेच थांबली तर ती हातात राहत नाही. मला तुला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच : अभ्यास झाला की मूळ चित्र बंद कर, नवीन कॅनव्हास घे आणि तेच आठवून काढ. जिथे हात अडतो तिथे तू बघितलंच नव्हतंस. मग मूळ उघड, फक्त तेवढी जागा बघ, पुन्हा बंद कर, पुन्हा काढ. पॅरिसमध्ये लकोक द ब्वाबोद्राँ नावाचे एक शिक्षक होते, प्रसिद्ध शिल्पकार रोदाँ त्यांचा विद्यार्थी. त्यांचं सारं शिकवणंच या पायावर होतं. साध्या आकारांपासून सुरुवात करून पुढे मुलांना लूव्र संग्रहालयातलं चित्र नीट बघून यायला सांगत आणि वर्गात आठवणीने काढायला लावत. १८४८ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिकाही छापली.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर आहेच. तो ज्याने ठेवला त्याला त्याचं मोल नक्की कळलं होतं. दुःख याचं वाटतं की मुलं बाजार, बसस्टॉप, हळदीकुंकू अशी तयार चित्रं पाठ करून जातात. पाठ केलेलं चित्र आणि बघून लक्षात राहिलेलं चित्र या फार वेगळ्या गोष्टी. तुला कामावर कुणी सांगेल, "पावसात उभा असलेला रिक्षावाला खालून बघितल्यासारखा काढ," तेव्हा तसा फोटो हाताशी असेलच असं नाही. आठवणीचा साठा असेल तर तो आकार मनात फिरवून बघता येतो.

साठा करायला पुण्यासारखं गाव नाही. रविवारी सकाळी महात्मा फुले मंडईत जा. १८८६ ची इमारत आहे, दगडी, आणि आत उजेड वरून येतो. एका जागी बसून फक्त टोपल्या काढ. सगळ्या टोपल्या गोलच आहेत, पण डोळ्यांच्या उंचीवरच्या टोपलीचं तोंड रेषेसारखं दिसेल आणि जसजशी टोपली खाली जाईल तसतसं ते उघडत जाईल. मग उभा राहा आणि त्याच टोपल्या बघ, सगळी तोंडं बदललेली असतील. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे बघण्याच्या जागेप्रमाणे आकार कसा बदलतो ते, मला पुस्तकाने इतकं कधी शिकवता आलं नाही. माणसं थांबत नाहीत, म्हणून ती अर्ध्या मिनिटात काढायची : डोकं, कणा, वजन कुठल्या पायावर आहे, बस. पावसाच्या दिवशी केळकर संग्रहालय आहे. तिथले दिवे आणि अडकित्ते आकाराच्या अभ्यासाला सोन्यासारखे आहेत. स्केचिंग चालतं का ते दारावर आधी विचार.

आठवड्याचं वेळापत्रक मी आखून देणार नाही, ते तुझं तू ठरव. एवढंच बघ की येत नाही त्याला आठवड्यात जास्त जागा मिळते, आणि एक दिवस तरी मनाला येईल ते, नुसत्या आनंदासाठी काढलं जातं. तो दिवस अभ्यासाला खाऊ देऊ नकोस. फाइलींना तारीख घाल. दर तीन-चार महिन्यांनी तोच पंजा, तेच अंडं पुन्हा काढून जुन्याशेजारी ठेव. हात पुढे सरकलाय की नाही ते तिथे दिसेल, लोकांच्या लाइकमध्ये दिसणार नाही.

मनगट दुखतं म्हणालास. लांब रेघ खांद्यातून ओढ, पेन घट्ट आवळू नकोस, टॅबलेट थोडा तिरका ठेव. तरी दुखत राहिलं तर चार दिवस विश्रांती आणि मग डॉक्टर, अंगावर काढायचं नाही. आणि रात्री एकनंतर काढायचं नाही. त्या वेळी लावलेले रंग सकाळी बघवत नाहीत आणि तुझी झोपही जाते.

दिवाळीत येशील तेव्हा आपण सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊ. तिथल्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची आणि धुरंधरांची मूळ चित्रं आहेत, आणि फोटोत न दिसणारे ब्रशचे फटकारे जवळून दिसतात. बाबा गाडी काढायला तयार आहेत. तू वही घेऊन ये, टॅबलेट घरी राहू दे.

या रविवारी मंडईत जाऊन आलास की काढलेल्या पानांचे फोटो पाठव. त्यातली चांगली निवडत बसू नकोस, सगळी पाठव.

तुझी,
आई