‘गाऊन की वाचून?’ असं विचारणाऱ्या साऊंडवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

परवाचं कविसंमेलन संपलं, तेव्हा अध्यक्षांपासून हार आणणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले गेले. तुमचं नाव राहिलं. तुम्ही तेव्हा कोपऱ्यात वायरी गुंडाळत होतात. दोन दिवस झाले तरी ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

कार्यक्रमाआधी तुम्ही अकराही कवींकडे एकेकदा जाऊन विचारलंत, ‘गाऊन म्हणणार की वाचून?’ मग निमंत्रणपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला नावं क्रमानं लिहिलीत, प्रत्येकापुढे बॉलपेननं ‘गा’ किंवा ‘वा’ मांडलंत, आणि तो कागद चिकटपट्टीनं मिक्सरच्या कडेला लावलात. कवी बदलला की तुमची नजर कागदावर आणि बोट इकोच्या बटणावर. ‘गा’ असेल तर थोडा इको, ‘वा’ असेल तर शून्य.

ही काळजी किती मोलाची, ते कविता वाचणाऱ्यालाच कळतं. इको म्हणजे आधीच्या अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर पडणं. गाताना ते चालतं. सूर भरल्यासारखा वाटतो, श्वास झाकला जातो. वाचताना मात्र ‘धार’ आणि ‘दार’, ‘भार’ आणि ‘बार’ यांच्यामध्ये फक्त एक फुंकर असते, आणि नेमकी तीच पुसली जाते. वृत्तातली कविता त्यातूनही थोडीफार तगते. मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात घ्या: १२ अक्षरं, लघु-गुरु-गुरु असा य गण चार वेळा. ठेका कानात बसलेला असतो, एखादं अक्षर फुटलं तरी ऐकणारा ते भरून काढतो. मुक्तछंदाला हा आधार नाही. तिथे यतीचं, म्हणजे ओळीतल्या ठरलेल्या थांब्याचं, आणि यमकाचं बरंचसं काम ओळीच्या शेवटची शांतता करते. त्या शांततेत मागचा शब्द घुमत राहिला की ओळ कुठे तुटली हेच कळत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर गद्यच आहे. किती चांगल्या कविता अशा वाया गेल्या असतील!

‘इको लावला की आवाज भारी येतो’, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो. कमी करा म्हटलं की ‘सगळे असंच घेतात’ हे उत्तर. आयोजकांचं तर काय बोलावं? फ्लेक्स आठ दिवस आधी छापून तयार, शाली-श्रीफळं मोजून ठेवलेली, आणि माईक पहिल्यांदा तपासला जातो तो दीपप्रज्वलनाच्या वेळी. कवीला पाच मिनिटं मिळतात. त्यातली दोन मिनिटं माईकची शिट्टी बंद करण्यात जातात. मग निवेदक घड्याळ दाखवतात आणि कवी शेवटची दोन कडवी गाळून खाली बसतो.

तुम्ही शिट्टी होऊच दिली नाहीत. मोठे स्पीकर माईकच्या रेषेपुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. कवीचा छोटा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माईकच्या बरोबर पाठीमागे, कारण समोरचं ऐकणारा असा माईक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. स्टँड हनुवटीच्या खाली, माईक तिरका वर, तोंडापासून चार बोटांवर. म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर थेट जाळीवर आदळत नाही, आणि कागद बाजूला धरता येतो. उभा पंखा तुम्ही स्वतः उचलून पलीकडे ठेवलात. एका तरुण गझलकारानं माईकची जाळीच मुठीत धरली, तेव्हा तुम्ही मंचावर येऊन त्याचा हात हळूच खाली दांड्यावर सरकवलात, एका शब्दानंही न ओरडता. जाळी झाकली की माईक चहूबाजूंचं ऐकायला लागतो आणि शिट्टी सुरू होते, हे त्या मुलाला तेव्हाच समजलं. अपमान न होता समजलं, हे महत्त्वाचं.

मराठीत कविता लोकांपुढे आली ती या दोन्ही वाटांनी. १९२३ साली पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी ती गाऊन पोचवली. पुढे बापट, विंदा, पाडगावकर या तिघांनी गावोगाव काव्यवाचनं केली. दोन्हींसाठी कान वेगळा लावावा लागतो, आणि तो तुम्ही अकरा वेळा बदललात.

शाळांतल्या काव्यकार्यशाळांत मी आता तुमचाच प्रश्न घेऊन जाणार आहे. मुलांना प्रत्येक कवितेला चाल लावायची सवय असते, मुक्तछंदालासुद्धा. आधी विचारायचं: ही गाऊन की वाचून? वाचून असेल, तर ओळ संपली की मनात एक आकडा मोजायचा आणि मगच पुढची ओळ. कागद एका बाजूनंच छापलेला, अक्षर १६ पॉइंटचं, आणि कविता मधेच पान उलटायला लावणार नाही अशी मांडलेली. पान उलटल्याचा आवाज माईकला टाळीएवढा ऐकू येतो.

काम सुरू करण्याआधी समोरच्याला ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारणारी माणसं भेटली की फार बरं वाटतं, दादा. वाढपी असो, शिंपी असो, डॉक्टर असो. तुमचे मनापासून आभार.

पुढच्या कार्यक्रमाला ती यादी तुम्हाला करायला लागू नये. आदल्या दिवशी आम्हीच पाठवू: नाव, गा की वा, उभ्यानं की बसून, किती मिनिटं. आणि पत्रिकेवर ध्वनिव्यवस्थेपुढे तुमचं नाव, कवींच्याच टायपात.