कोंडा बंद करा, बाबा

आई, बाबा,

फोनवर विचारलं की बाबा लगेच विषय बदलतात, म्हणून लिहितेय. पोट फुगून रात्र रात्र झोप लागत नाही हे परवा आईकडून कळलं आणि मला रडूच आलं, कारण रोज दोन चमचे गव्हाचा कोंडा खा, कच्चं सॅलड वाढवा असं मीच मागे लागून लागून सांगितलं होतं ना. आयबीएस, म्हणजे आतडं नाजूक होऊन पोट दुखण्या-फुगण्याचा तो जुना त्रास, आहे हे माहीत असून फायबर म्हणजे चांगलंच एवढंच धरून बसले. चुकलं माझं.

आता ऐका, पोटाच्या डॉक्टरांची गुरुवारची अपॉइंटमेंट मी घेऊन टाकलीये. न विचारता घेतली, रागावू नका, विचारलं असतं तर "एवढ्याशासाठी कशाला" म्हणाला असता आणि पुन्हा मागच्या वेळेसारखंच झालं असतं. मोठं काही असेल असं मला मुळीच वाटत नाही, पण या वयात पोटाची सवय बदलली तर एकदा दाखवलेलं बरं. संडासातून रक्त दिसलं किंवा वजन उतरत असेल तर मात्र लपवायचं नाही, आईला नाही तर मला सांगा.

तोवर कोंडा बंद. आयबीएसमध्ये त्याने गॅस आणि कळा वाढू शकतात. ओट्स, शिजवलेलं गाजर, इसबगोल यांतलं फायबर पाणी धरून मऊ जेलसारखं होतं, ते पोटाला जास्त सोसतं. आणि फ्रिजवर मी चिकटवलेला रोज 25-30 ग्रॅम फायबरचा कागद काढून टाका, तिथे हळूहळू पोचू, आठवड्याला एखादाच पदार्थ वाढवायचा. सालीसकट एका सफरचंदातच 4 ग्रॅमच्या आसपास मिळतं, पण साल जड जात असेल तर सोलून, वाफवून खा, तरी चालतं.

लहानपणी परीक्षेच्या आदल्या रात्री माझं पोट दुखायचं आणि तुम्ही दिवा न लावता पोटावर हात फिरवत बसायचात, झोपले असं वाटलं तरी हात काढायचा नाहीत. आता तुमचं दुखतंय आणि मी इतकी लांब.

आई, इसबगोल अर्ध्या चमच्यापासूनच दे, मोठा ग्लासभर पाण्यात, आणि फुगायच्या आत लगेच प्यायला लाव, कमी पाण्यात घशात अडकू शकतं. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. कडधान्यं रात्री भिजव, ते पाणी फेकून दे, पूर्ण मऊ शिजव, सुरुवातीला दोन-तीन चमचेच. तुझ्या कॅल्शियमच्या गोळीनेही पोट जड होऊ शकतं, तेही गुरुवारी विचारून घे. बाबांचा सकाळचा चहा बंद करू नकोस गं, तेवढा राहू दे.

गुरुवारी मी दिवसभर फोन जवळ ठेवतेय. बाबा, तुम्हीच करा, आईकडे देऊ नका.

तुमची,
छोटी