चाळिशीतल्या क्वार्टरबॅकना ब्रेडीच्या मापाने मोजू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडापानावर अलीकडे अमेरिकन फुटबॉललाही जागा मिळते, याचा अमेरिकेत राहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला फार आनंद होतो. पण वय झालेल्या क्वार्टरबॅकविषयी (संघाचे डाव चालवून पास फेकणारा खेळाडू) काही छापून आले की सूर ठरलेला असतो. टॉम ब्रेडीने त्रेचाळिसाव्या वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, म्हणून तो थोर. बाकीच्यांनी वेळेवर थांबायला हवे होते. ही तुलना मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर लिहितो.

ब्रेडीचे मोठेपण नाकारण्याचा प्रश्नच नाही. २००० साली नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचे नाव १९९व्या क्रमांकावर आले. वीस वर्षे न्यू इंग्लंडकडून खेळून तो २०२० मध्ये टॅम्पा बे संघात गेला. आदल्या हंगामात त्या संघाने सात सामने जिंकले होते आणि नऊ गमावले होते. तो संघ त्याने पहिल्याच वर्षी विजेता केला. पुढच्या हंगामात, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याने ५,३१६ यार्डांचे पास (पासांनी संघाने पुढे मिळवलेले अंतर) आणि ४३ टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात चेंडू पोचवणे) नोंदवले. दोन्ही आकडे त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक होते. एवढ्या वयात असे दुसऱ्या कुणाला जमलेले नाही.

पण त्या विजेतेपदात आणखी कोण होते तेही पाहावे लागेल. त्याच्याकडे माइक इव्हान्स आणि ख्रिस गॉडविन हे दोन उत्तम रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, होते. त्याच्यासाठी निवृत्तीतून परतलेला जुना सहकारी रॉब ग्रॉन्कोव्स्की होता. अंतिम सामन्यात कॅन्सस सिटीला एकही टचडाउन न करू देणारी बचावफळी होती. सामना ३१-९ असा सुटला, आणि त्यातला ९ हा आकडा ब्रेडीचा नव्हे. शिवाय २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला जबर दुखापत झाल्यावर, खाली पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घेण्याविरुद्धचा नियम पुढच्याच वर्षी अधिक कडक झाला. चाळिशीपलीकडे खेळत राहण्यासाठी हे संरक्षण लहान नाही. जुन्या काळच्या जॉनी युनायटससारख्या क्वार्टरबॅकच्या पिढीला ते मिळाले नव्हते.

आता पेटन मॅनिंग. उतारवयातल्या क्वार्टरबॅकमध्ये मी त्याला सर्वांत वर ठेवतो, विजेतेपदे कमी असूनही.

मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११चा सबंध हंगाम तो बाहेर बसला. मज्जातंतूंना इजा झाल्याने ज्या हाताने चेंडू फेकायचा त्या हातातले बळ गेले, बोटांच्या टोकांची संवेदनाही पूर्वीसारखी राहिली नाही. त्याच्या इंडियानापोलिस संघाने २०१२च्या मार्चमध्ये त्याला मोकळे केले. मोठी रक्कम देय होती आणि नव्या खेळाडूंच्या निवडीत तरुण क्वार्टरबॅक अँड्र्यू लक समोर होता. छत्तिशीला टेकलेला मॅनिंग डेन्व्हर संघात गेला आणि फेकायला जवळजवळ नव्याने शिकला. पूर्वीचा ताठ, वेगवान पास आता हवेत डगमगत जाई. त्याने ते उघडपणे मान्य केले, आणि अशाच पासांवर आपण भरपूर यार्ड आणि टचडाउन मिळवल्याचेही सांगितले. बळाची उणीव त्याने डोळ्यांनी भरून काढली. खेळ सुरू होण्याआधी बचावफळीची मांडणी वाचायची, ऐनवेळी डाव बदलायचा आणि अंगावर कुणी येण्याआधी चेंडू सोडून द्यायचा. सिडनीत २००४ मध्ये सचिनने कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवून २४१ धावा केल्या, तो संयम आठवा म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते कळेल. फरक इतकाच, की सचिनने तो फटका स्वतःहून सोडला होता. मॅनिंगचा फटका शरीराने काढून घेतला होता.

असा हात घेऊन २०१३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्याने ५५ टचडाउन आणि ५,४७७ यार्ड असे दोन विक्रम केले. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात सात टचडाउन! डेन्व्हरने त्या हंगामात ६०६ गुण केले. त्याआधी कोणत्याही संघाने सहाशे गाठले नव्हते. मग २ फेब्रुवारी २०१४ चा सुपर बोल आला. तो आमच्याच न्यू जर्सीत, ईस्ट रदरफोर्डला झाला. पहिलाच चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे गेला आणि सिएटलने ४३-८ असा धुव्वा उडवला. तेव्हापासून लोक तो हंगाम एका रात्रीच्या पराभवाने मोजतात. मला हे अन्यायाचे वाटते. इतके गमावलेल्या शरीराकडून इतके काढून घेणारा दुसरा क्वार्टरबॅक मी तरी पाहिलेला नाही.

१५ नोव्हेंबर २०१५ चा दिवस तर विसरता येत नाही. त्या दिवशी मॅनिंगने कारकिर्दीतल्या एकूण यार्डांचा जुना क्वार्टरबॅक ब्रेट फार्वचा विक्रम मोडला, आणि त्याच सामन्यात २० पैकी जेमतेम ५ पास पूर्ण, चार इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने मध्येच पकडलेले पास) अशा अवस्थेत त्याला बाहेर बसवले गेले. त्या हंगामात त्याचे टचडाउन ९ आणि इंटरसेप्शन १७. तरी शेवटच्या साखळी सामन्यात तो परतला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये डेन्व्हरने कॅरोलायनाला २४-१० असे हरवले. मॅनिंगचे त्या सामन्यात १४१ यार्ड. सामनावीर बचावफळीचा व्हॉन मिलर. महिनाभरात मॅनिंग निवृत्त झाला. आता विजेतेपद हेच माप धरले, तर २०१५चा मॅनिंग २०१३च्या मॅनिंगपेक्षा मोठा ठरतो. हा खेळ पाहणारा कुणीही हे मान्य करणार नाही.

डेन्व्हरचाच जुना क्वार्टरबॅक जॉन एल्वे याचेही असेच. तीन अंतिम सामने हरल्यावर १९९८च्या जानेवारीत, सदतिसाव्या वर्षी, त्याला पहिले विजेतेपद मिळाले. त्या दिवशी त्याच्या पासवर एकही टचडाउन नव्हता. टेरेल डेव्हिसने १५७ यार्ड धावून तीन टचडाउन केले. पुढच्या वर्षी मात्र ३३६ यार्डांचे पास देऊन एल्वे स्वतः सामनावीर ठरला आणि मग थांबला.

ड्रू ब्रीझचा उल्लेख या तुलनांमध्ये ओझरता येतो, याचे मला खरेच वाईट वाटते. २००५च्या अखेरच्या सामन्यात खांदा निखळलेला हा माणूस पुन्हा फेकू शकेल की नाही, याची अनेकांना खात्री नव्हती. त्याने २०१८ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, ७४.४ टक्के पास अचूक दिले आणि मॅनिंगचा यार्डांचा विक्रमही मोडला. लांब पास कमी झाले होते, पण अचूकतेत २०१७ ते २०१९ सलग तीन हंगाम लीगमध्ये त्याच्या पुढे कुणी नव्हते. त्याचा शेवटचा सामना जानेवारी २०२१ मध्ये ब्रेडीच्याच टॅम्पा बेविरुद्ध झाला. त्या हंगामात बरगड्या मोडून आणि फुप्फुसाला इजा होऊन तो काही सामने मुकला होता. तीन इंटरसेप्शन झाले, संघ हरला, आणि त्या एका संध्याकाळी अनेकांनी दोघांची तुलना कायमची मिटवून टाकली.

फार्वबाबत मी थोडा कठोर आहे. निवृत्ती जाहीर करायची आणि मागे घ्यायची, यात त्याच्या संघांची ओढाताण झाली. तरी २००९ मध्ये, चाळिशीत, मिनेसोटासाठी ३३ टचडाउन आणि फक्त ७ इंटरसेप्शन ही कामगिरी असामान्य होती, ती न्यू ऑर्लिन्समधल्या उपांत्य सामन्यातल्या एका चुकीच्या पासखाली गाडली जाऊ नये. अ‍ॅरन रॉजर्स २०२० आणि २०२१ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, मग सप्टेंबर २०२३ मध्ये न्यू यॉर्क जेट्स संघाकडून चौथ्याच चेंडूवर त्याचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. पुढच्या वर्षी चाळीस ओलांडलेला हा खेळाडू सर्व १७ सामने खेळला, २८ टचडाउन दिले. संघ त्यातले पाचच जिंकला. ‘रॉजर्स संपला’ असे लिहिणाऱ्यांनी या दोन वाक्यांमधले अंतर लक्षात घ्यायला हवे.

माझी विनंती एवढीच, की अशी तुलना छापताना वय आणि विजेतेपदे यांच्या जोडीला त्या हंगामातली दुखापत, संघाची बचावफळी आणि त्या काळचा नियम हेही द्यावे. आणि पुढच्या वेळी एखादा पूर्ण लेख ब्रीझवर यावा.

आपला,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी