अ‍ॅप वेगळं, उपचार वेगळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ऑनलाइन मानसोपचारावरचा लेख वाचला. काल दिवसभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहायला बसले. आजाराच्या भीतीनं पछाडलेल्या माणसाला मोबाइलवरच उपचार देणं म्हणजे आगीत तेल ओतणं, असं लेखक म्हणतात. वर हे ‘रिकामपणाचं दुखणं’ असल्याचाही शेरा मारतात. अशा माणसाबरोबर ज्यांनी संसार केला, त्यांना हे वाचून काय वाटेल, याचा विचार लेखकांनी केला नाही आणि छापण्याआधी तुम्हीही केला नाहीत.

माझ्या यजमानांनी आयुष्यातली कित्येक वर्षं या भीतीत घालवली. जबड्याखाली डाव्या बाजूला त्यांच्या हाताला एक बारीक गाठ लागली होती. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, साधी लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) निघाली. रिपोर्ट हातात आला की दोन-तीन दिवस बरे जायचे. मग दोन बोटं पुन्हा तिथंच. फोनवर बोलताना, गाडी चालवताना, रात्री मध्येच जाग आली की. दाबून दाबून ती जागा लाल व्हायची, हुळहुळायची, आणि दुखतंय म्हणजे आत काहीतरी आहेच, असं त्यांचं पक्कं व्हायचं. झोपायच्या वेळी माझा हात धरून तिथं न्यायचे, “बघ, वाढलीय ना?” मी म्हणायची, “नाही हो, तेवढीच आहे.” माझं उत्तर त्यांना कधी पुरलं नाही, आणि नाही दिलं तर घरात कुणाला झोप नाही. याला रिकामपण म्हणायचं का?

मानसोपचारतज्ज्ञाकडे यायला ते तयार नव्हते. शेवटी आमच्या डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहून द्यायला नकार दिला आणि सीबीटीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा, ऑनलाइन कार्यक्रम सुचवला. घरबसल्या, कुणाच्या नजरेस न पडता करायचा, म्हणूनच ते कबूल झाले. दर आठवड्याला एक भाग वाचायचा, तक्ता भरायचा आणि थेरपिस्टना लिहायचं. त्या बाईंचं उत्तर एक-दोन दिवसांत यायचं. “तुम्हाला काही झालेलं नाही” असं त्यांनी एकदाही लिहिलं नाही. त्या विचारायच्या, गाठ दाबण्याआधी भीती किती होती, दाबल्यावर लगेच किती आणि तासाभरानं किती? आकडे यजमानांनीच मांडले. दाबल्यावर क्षणभर सुटल्यासारखं वाटतं आणि तासाभरात भीती दामदुप्पट होऊन परत येते, हे त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसलं. मग हात न लावता आधी तासभर राहायचं, पुढे दिवसभर. जिना भरभर चढून छातीची धडधड मुद्दाम वाढवायची आणि नाडी न मोजता बसून राहायचं. सगळ्यात अवघड काम म्हणजे आपल्याला कॅन्सर झाला आहे असं धरून एक पान लिहायचं आणि ते रोज मोठ्यानं वाचायचं. पहिल्या दिवशी त्यांचा आवाज फुटेना. हे सगळं बंद करावं असं मला वाटलं. पुढे एकदा तेच पान वाचताना ते मध्येच थांबले आणि त्यातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून पुढे वाचू लागले. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

मलाही काम दिलं होतं. गाठीबद्दल विचारलं, तर उत्तर द्यायचं नाही. मायेनं, पण नाहीच. धीर देत राहिल्यानं ही भीती पोसली जाते, हे साल्कोव्हस्किस आणि वॉरविक या ब्रिटिश संशोधकांनी 1986 मध्येच मांडलं आहे. ते पाळताना जीव किती तुटतो, ते माझं मला ठाऊक.

लेखात खरा घोळ इथंच झाला आहे. ज्याच्यामागे कुणीच नाही असं फुकटचं अ‍ॅप आणि प्रशिक्षित थेरपिस्ट तुमचं लिखाण वाचून उत्तर देतो असा कार्यक्रम, दोन्ही लेखकांनी एकाच पारड्यात टाकले. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी आजाराच्या भीतीनं ग्रासलेल्या 204 रुग्णांवर याची चाचणी घेतली, ती 2020 मध्ये मानसोपचाराच्या नियतकालिकात, ‘जामा सायकिअ‍ॅट्री’त आली. काहींना समोरासमोर सीबीटी, काहींना इंटरनेटवरून, 12 आठवडे. इंटरनेटवरचे उपचार समोरासमोरच्या उपचारांपेक्षा कमी पडले नाहीत. थेरपिस्टचा वेळ मात्र दर रुग्णामागे आठवड्याला साधारण 10 मिनिटं लागला, समोरासमोर 45 च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त लोकांना हात देता येतो. ‘माणसाला माणूसच लागतो’ असं लेखक बजावतात. इथं माणूस आहेच की! तो लिहून बोलतो, एवढंच.

हे उपचार सगळ्यांना चालतील असं मी म्हणत नाही. आधी डॉक्टरांची नीट तपासणी हवीच. तीव्र नैराश्य असेल, जीव द्यायचे विचार येत असतील, तर प्रत्यक्ष तज्ज्ञांकडेच गेलं पाहिजे. लेखात हे आलं असतं, तर कुणाच्या उपयोगी तरी पडलं असतं. स्वीडनमधल्या नोंदींवरून झालेल्या आणि 2023 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आजाराच्या अशा भीतीचं (हायपोकॉन्ड्रिआसिस) निदान झालेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे चौपट आढळला. त्यामुळे या विषयावर शेरेबाजी करण्याआधी थोडं वाचायला हवं.

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर ‘ही लक्षणं अंगावर काढू नका’ हे सदर आहे आणि या वेळी त्यात मानेवरच्या गाठीचं भलंमोठं चित्र होतं. घशाच्या साध्या संसर्गानंही या ग्रंथी सुजतात आणि बहुतेक वेळा आपोआप बसतात, ही ओळ त्यात कुठंच नव्हती. लक्षणं जरूर छापा, पण कशाची काळजी करायची नाही आणि किती दिवस वाट पाहायची, हेही त्याच अक्षरात छापा. ते पान मी घरात उघडं ठेवलं नाही.

हे पत्र लेखकांना अवश्य दाखवा. त्यांना उत्तर द्यायचं असेल, तर त्यांनी पाहिलेल्या कार्यक्रमामागे थेरपिस्ट होता की नव्हता, ते आधी सांगावं.

आपली,
एक नियमित वाचक