विषय : पाणी तपासणीच्या नावाखाली केलेली दिशाभूल, अडवून ठेवलेली अनामत व आमची वैयक्तिक माहिती परस्पर इतरांना दिल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी झालेल्या बोलण्यानंतर तेथे पुन्हा फोन करण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून थेट आपणांस लिहीत आहे.

इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीत आपल्या प्रतिनिधींनी 'मोफत पाणी तपासणी' शिबिर भरवले. नळाच्या आणि आपल्या आरओ जलशुद्धीकरण यंत्राच्या पाण्याच्या ग्लासांत विजेच्या सळया सोडल्या. मिनिटभरात नळाचे पाणी तपकिरी होऊन त्यावर साका आला आणि 'आजी, हे तुम्ही रोज पिता' असे माझ्या सासूबाईंना सांगण्यात आले. घाबरून त्यांनी 3,000 रुपये अनामत तिथल्या तिथे भरली. तो साका सळईच्या लोखंडाचा असतो आणि आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने त्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते नितळ राहते, हे यंत्र बनवणाऱ्यांना मी सांगावे असे नाही. आपल्याच मीटरवर आमच्या पाण्याचा टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) दीडशेच्याही आत होता. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये 500 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि त्याखालील पाण्याला आरओ वापरण्यास मनाई करावी, असा निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सरकारला दिला होता. तो आकडा मात्र कोणी मोठ्याने वाचला नाही.

आजच्या फोनवर मी आपल्या पर्यवेक्षकांना एवढेच सुचवले, की त्या शुद्ध ग्लासात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करून दाखवा. त्यावर उत्तर आले, 'काकू, मीठ टाकलं तर पाणी खारट नाही का होणार?' मी पुन्हा समजावले. ते म्हणाले, 'हा टेक्निकल विषय आहे, घरात साहेब असतील तर त्यांना फोन द्या.' कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. साहेब बँकेत होते. अनामतीचा विषय काढताच ती परत मिळत नसल्याची अट पावतीच्या मागे छापलेली आहे, असे सांगून फोन ठेवण्यात आला. समोर 'पूर्ण परतावा' आणि मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत नकार, ही आपली छपाई खरोखर वाखाणण्याजोगी आहे.

त्या शिबिरात सोडतीच्या कुपनावर नाव, मोबाइल क्रमांक आणि घरातील सर्वांच्या जन्मतारखा लिहून घेतल्या होत्या. तेव्हापासून कर्ज आणि विमा विकणारे सासूबाईंना नावानिशी, वयासह फोन करतात. 'कुपनावर सही आहे म्हणजे संमती आहे' हे आपले उत्तर कोणत्या कायद्यात बसते? विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराविना दुसऱ्यास देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी 2023 चा डेटा संरक्षण कायदा पूर्णपणे अमलात येण्याची वाट पाहावी लागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस कलम 21 नुसार 10 लाखांपर्यंत दंड आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण तो केवळ कागदावर ठेवत नाही, हे ऑगस्ट 2025 मध्ये रॅपिडो या रिक्षा-टॅक्सी पुरवणाऱ्या अ‍ॅपच्या कंपनीला '5 मिनिटांत रिक्षा, नाहीतर 50 रुपये' या जाहिरातीपायी कळले आहे.

आपल्या नावावर विश्वास होता, म्हणूनच सासूबाईंनी दार उघडले. एका वृद्ध बाईला तिच्याच घरच्या पाण्याची भीती घालून पैसे घेणे, हे मी पुन्हा लिहीत आहे, कारण फोनवर ते कोणी ऐकून घेतले नाही.

पंधरा दिवसांत अनामत परत करावी, आमची माहिती कोणाकोणाला दिली याची यादी लेखी द्यावी आणि ती सर्व ठिकाणांहून काढून टाकावी. अन्यथा मी प्राधिकरणाकडे आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. आपले मुख्यालय कोठेही असो, कलम 34 नुसार मला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेसाठी शुल्कही लागत नाही. अनामत यूपीआयने भरली असल्याने परताव्याचा तपशील आपल्याकडे आहेच; सापडत नसेल, तर आमची यादी ज्यांना दिली त्यांच्याकडून मागवून घ्यावा.

आपली,
एक ग्राहक, इंदिरानगर, नाशिक