आपल्या विनोदी डेटाबेस ड्रायव्हरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि विपणन विभागप्रमुख यांस,

विषय: कनेक्शन परत न करणारा ड्रायव्हर, त्रुटीसंदेशांच्या जागी छापलेले विनोद आणि आपल्या मदतकक्षाची वागणूक

महोदय,

आपल्या मदतकक्षाशी झालेले शेवटचे संभाषण आज दुपारी समोरून फोन ठेवला गेल्यामुळे संपले, म्हणून हे पत्र थेट आपल्याकडे पाठवत आहे. आपला ड्रायव्हर, म्हणजे पतसंस्थांसाठीचे आमचे सॉफ्टवेअर आणि डेटाबेस यांना जोडणारा दुवा, काय करतो हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. तो काय करत नाही, तेवढेच लिहितो.

क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला केलेल्या विचारणेला, दिलेली मुदत संपली की ड्रायव्हर ती रद्द करण्याची विनंती पाठवतो, पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर ती रद्द करून ५७०१४ हा संकेतांक परत देतो, आणि त्यानंतर ड्रायव्हरने रोलबॅक करून (अर्धवट व्यवहार मागे घेऊन) कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यात, ठेवायचे असते. आपल्या मागील अपडेटपासून तो हे शेवटचे काम करत नाही. ते कनेक्शन सर्व्हरवर ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन, अबॉर्टेड’ या, म्हणजे व्यवहार फसूनही न मिटलेल्या, अवस्थेत ताटकळत राहते, पूल त्याच्या जागी नवे कनेक्शन उघडतो, आणि सर्व्हरची मर्यादा येईपर्यंत हा क्रम चालू राहतो. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची असते आणि त्यांतील ३ सुपरयूजरसाठी (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी) राखीव असतात. म्हणजे उधळपट्टीसाठी ९७ मिळतात, आणि संध्याकाळी पतसंस्थांच्या पिग्मी एजंटांची वसुली एकदम येऊ लागली की आपला ड्रायव्हर ती सगळी उधळून मोकळा होतो. मग सर्व्हर ५३३००, म्हणजे कनेक्शन संपल्याचा संकेतांक, देतो, काउंटर थांबतो आणि आमचे फोन वाजू लागतात.

दोष आमच्या कोडमध्ये असल्याचे सूचित करण्यापूर्वी कृपया पुढील वाक्य वाचावे. हाच कोड, हाच सर्व्हर आणि हाच भार ठेवून आम्ही आपला ड्रायव्हर काढला, पोस्टग्रेसचा मोफत मिळणारा जेडीबीसी (जावासाठीचा) ड्रायव्हर आणि हिकारीसीपी हा पूल बसवला, कनेक्शन अडकून पडल्यास इशारा देणारी त्यातील सोय चालू केली, आणि एकही कनेक्शन अडकले नाही. या चाचणीचे लॉग आपल्या मदतकक्षाकडे पडून आहेत. ते उघडले गेल्याचे कोणतेही चिन्ह मला दिसलेले नाही.

त्याऐवजी दोन सल्ले आले. पहिला, सर्व्हरची कनेक्शन मर्यादा वाढवा. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवतो आणि ही मर्यादा बदलायची तर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, हे डेटाबेसची साधने विकणाऱ्या कंपनीला मी सांगावे लागले. शिवाय गळणाऱ्या टाकीला मोठी टाकी हा उपाय कसा होतो, हे मला अजून उमगलेले नाही. दुसरा सल्ला असा की, व्यवहार अर्धवट ठेवून निवांत बसलेले सेशन सर्व्हरने स्वतःच तोडावे यासाठीची मुदत चालू करा. ही सोय पोस्टग्रेसमध्ये २०१६ साली, ९.६ या आवृत्तीत आली आणि ती बेजबाबदार क्लायंटांपासून सर्व्हरला वाचवण्यासाठी आहे. ती आपण स्वतःच सुचवावी, यातला प्रामाणिकपणा मला मान्य आहे.

आता आपल्या विनोदाकडे वळतो, कारण तक्रारीचा गाभा तिथेच आहे. आपली विक्री मोहीम हसरी आहे, याला माझा कधीच आक्षेप नव्हता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला फुशारकीचा वीट आलेला असतो. ‘क्रांतिकारी’ हा शब्द दिसला की तो पुढे वाचत नाही. त्यामुळे पुण्यातील परिषदेत आपल्या स्टॉलवर ‘सर्वांत कंटाळवाणा ड्रायव्हर, तितकीच कंटाळवाणी माणसे’ अशी पाटी पाहून मी थांबलो. टी-शर्टवर ‘डेटाबेसपर्यंत नेतो, परत आणायचे नंतर बघू’ असे छापले होते. आम्ही हसलो, वार्षिक परवाना घेतला. ती ओळ विनोद नसून तांत्रिक तपशील होता, हे स्टॉलवरील आपल्या हसतमुख प्रतिनिधीने तेव्हा सांगितले नाही.

मागील अपडेटमध्ये हाच विनोद आपण टी-शर्टवरून उतरवून ड्रायव्हरच्या आत नेला. सर्व्हरने काहीही कारण दिले तरी आपला ड्रायव्हर आता ‘अरेरे, पुन्हा आम्हीच! आम्हाला कामावर ठेवले तरी कोणी?’ असा संदेश पुढे करतो आणि मूळ संकेतांक गिळून सरसकट एचवाय०००, म्हणजे ‘सर्वसाधारण त्रुटी’, देतो. तो पाच अक्षरांचा संकेतांक शोभेसाठी नसतो. ४०००१ आला तर व्यवहार पुन्हा चालवायचा असतो आणि २३५०५ आला तर तीच नोंद आधीच झालेली असल्याने मुळीच चालवायचा नसतो. खातेदाराची रक्कम एकदाच जमा व्हावी की दोनदा, हा निर्णय या फरकावर उभा आहे, आणि तो फरक आपण एका विनोदासाठी पुसून टाकला.

हा विनोद कुठवर पोहोचला तेही ऐकावे. आमच्या दिवसअखेरच्या अहवालात, न झालेल्या प्रत्येक नोंदीपुढे तिचे कारण छापले जाते. लेखापरीक्षकांना तो रकाना हवा असतो. सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या शाखाधिकाऱ्यांनी तो अहवाल माझ्यासमोर धरला आणि ‘आम्हाला कामावर ठेवले तरी कोणी?’ हे वाक्य मोठ्याने वाचून, हे आपण कोणाला उद्देशून लिहिले आहे, असे अत्यंत शांतपणे विचारले. त्यांच्या कागदांवर आपल्या कंपनीचे नाव कुठेही नाही. नाव आमचे आहे. स्वतःची थट्टा करण्याचा आपला अधिकार मी मान्य करतो, परंतु ती थट्टा आमच्या लेटरहेडवर छापली गेली की आपण स्वतःची नव्हे, आमची थट्टा करत असता.

आणि आता आज दुपारचा तो फोन. कनेक्शन परत येत नाहीत, असे मी सांगितले. आपल्या प्रतिनिधींनी विचारले, ‘सर, तुमचे इंटरनेट चालू आहे ना?’ ॲप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच खोलीत, एकाच स्विचवर आहेत, असे मी उत्तर दिले. त्यांनी ॲप्लिकेशन बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगितले. तसे केल्यावर अडकलेली कनेक्शन सुटतात आणि पुढल्या संध्याकाळी पुन्हा अडकतात, असे मी म्हणालो, त्यावर ते उत्साहाने म्हणाले, ‘म्हणजे सर, प्रॉब्लेम सुटतो तर!’ मी श्वास घेतला आणि ५७०१४ हा संकेतांक सांगितला. की-बोर्डचा आवाज आला, थोडा वेळ गेला, आणि या क्रमांकाची तक्रार आमच्याकडे नोंदलेली नाही, असे मला कळवण्यात आले. तो तक्रार क्रमांक नसून पोस्टग्रेसचा त्रुटी संकेतांक आहे, असे सांगितल्यावर मग मी पोस्टग्रेसच्या कस्टमर केअरशी बोलावे, असा सल्ला मिळाला. वरिष्ठांना फोन द्या, असे मी म्हणालो. तेव्हा त्यांनी जे म्हटले ते शब्दशः देतो: ‘सर, तुम्ही आमची जाहिरात पाहिलीच असेल ना? आम्ही तर स्वतःच सांगतो, की आम्ही काही फार हुशार नाही.’ एवढे बोलून ते हसले. मी हसलो नाही, हे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्यानंतर फोन ठेवला गेला. काही मिनिटांत तक्रारीपुढे ‘ग्राहक समाधानी’ असा शेरा पडला आणि अभिप्राय मागणारी मेल आली, जिच्यात सर्वांत खालच्या श्रेणीचे नाव ‘अपेक्षेप्रमाणेच’ असे होते.

स्वतःला कमी लेखून माल विकणे हा आपला शोध नाही, म्हणून आपल्या विपणन विभागासाठी थोडा इतिहास. १९६० मध्ये फोक्सवॅगनने अमेरिकेत आपल्याच गाडीच्या चित्राखाली ‘लेमन’, म्हणजे सदोष निघालेली गाडी, एवढाच मथळा दिला होता. खालच्या मजकुरात खुलासा होता, की डॅशबोर्डच्या कप्प्यावरील क्रोमच्या पट्टीला डाग असल्यामुळे तपासनीसाने ती गाडी बाजूला काढली. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात ३,३८९ माणसांना तपासणीखेरीज दुसरे काम नाही, असेही त्यात लिहिले होते. ती सदोष गाडी जाहिरातीत आली, ग्राहकाच्या दारात गेली नाही. ‘आम्ही फक्त दुसऱ्या क्रमांकावर आहोत’ असे १९६२ मध्ये सांगणाऱ्या एव्हिसनेही, म्हणूनच आम्ही जास्त झटतो, असे लगेच जोडले होते. आपण या परंपरेतला पहिला अर्धा भाग तेवढा उचललेला दिसतो.

मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत: मुदत संपलेल्या क्वेरीनंतर कनेक्शन परत न करण्याचा दोष मान्य करून त्याच्या दुरुस्तीची तारीख, मूळ संकेतांक जसाच्या तसा पुढे पाठवणारी आणि विनोद बंद करणारी आवृत्ती, आणि ‘ग्राहक समाधानी’ हा शेरा मागे घेतल्याची नोंद. कनेक्शन परत येत नाहीत, हे मी पुन्हा लिहितो, कारण आपल्याकडे ते अद्याप कोणी ऐकलेले दिसत नाही.

व्यापारी प्रयोजनासाठी केलेल्या खरेदीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार मिळत नाही, हे आपल्या विधी विभागाला ठाऊक असेलच. आम्हालाही ठाऊक आहे. १८७२ चा करार कायदा मात्र आपल्यालाही लागू आहे, आणि परवान्याच्या करारात आपण कनेक्शन पूलिंगचे वचन कोणत्याही विनोदाशिवाय, स्वच्छ शब्दांत दिलेले आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आमचे वकील ते कलम उद्धृत करतील. आमच्या ग्राहकांचे सर्व्हर त्याआधीच मोफत ड्रायव्हरवर नेले जातील. पहिल्या दोन पतसंस्थांचे काम या शनिवारी, दिवसअखेर झाल्यावर सुरू होत आहे, आणि उरलेल्या मुदतीच्या परवाना शुल्काचा परतावा किती होतो, ते आपल्या लेखा विभागाने त्यापूर्वी कळवावे.

आपला,
तांत्रिक प्रमुख
(पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी संस्था, सांगली)

सोबत: चाचणीचे लॉग (दुसऱ्यांदा), दिवसअखेरच्या अहवालाची छायाप्रत