सूम्बिंग जहाजाचाही उल्लेख हवा होता

मा. संपादक,
रविवारच्या पुरवणीतला जपानवरचा लेख आवडला, पण जपानच्या आधुनिकीकरणाचं सगळं श्रेय अमेरिकन नौदल अधिकारी कमोडोर पेरीच्या 'काळ्या जहाजां'ना (त्याच्या युद्धनौकांना जपानी लोकांनी दिलेलं नाव) दिलंय ते पटलं नाही. डच नौदलाची 'सूम्बिंग' ही वाफेवर चालणारी बोट, दोन्ही बाजूंना मोठी चाकं आणि वर शिडंही, कॅप्टन फाबियस १८५४ मध्ये नागासाकीला घेऊन आला आणि पुढच्याच वर्षी डच राजा तिसरा विलेम याने ती शोगुनच्या (तेव्हाचा जपानचा लष्करी शासक) सरकारला चक्क भेट दिली. जपानचं हे पहिलं वाफेचं लढाऊ जहाज, नाव ठेवलं 'कान्को मारू'. नुसतं जहाज देऊन डच थांबले नाहीत, शिकवायला माणसंपण दिली. नागासाकीच्या नौदल ट्रेनिंग सेंटरात सामुराईंची पोरं इंजिन, तोफा, गणित शिकली, त्यात पुढे जपानी नौदल उभारणाऱ्यांपैकी एक ठरलेला कात्सु काइशू पण होता, आणि १८५७ मध्ये जपानी खलाशांनी स्वतःच ही बोट एडोपर्यंत (आजचं टोकियो) नेली! दोन वर्षांहूनही कमी शिक्षण आणि एवढी हिंमत, मला तर हे फार मोठं वाटतं. १८७६ मध्ये ती भंगारात निघाली. १९८७ मध्ये नेदरलँड्समध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती बांधली, तीही नागासाकीलाच गेली.

– एक नियमित वाचक